चार बाय दोनमधली बार्शी लाइट

वडूजला रेल्वे नाही. गाडी धरायची तर एसटीने कोरेगाव, रहिमतपूर नाहीतर सातारा गाठायचा, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. तरी रेल्वेने फिरलेल्या माणसांची या मुलखात वानवा नाही. मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून राबलेले कितीतरी लोक खटाव-माणमधले. सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेले लोक खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातले. ही मंडळी दिवाळीला गावी आली की कुठल्या स्टेशनावर चहा बरा मिळतो आणि कुठल्या गाडीला जनरलचे डबे पुढे असतात, इथपर्यंत गप्पा रंगतात. त्यामुळे वडूजमधल्या एका घरात, कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या जागेत रेल्वे उभी राहते आहे, याचे कुणाला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते मी निवडलेल्या रेल्वेचे. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डेक्कन क्वीन होती, तरुणांच्या डोळ्यांपुढे वंदे भारत. मी बार्शी लाइट म्हटल्यावर चेहरे उतरले.

त्या निवडीमागे हौस कमी आणि हिशेब जास्त आहे.

मॉडेल रेल्वेत सगळा खेळ प्रमाणाचा असतो. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण म्हणजे 'एचओ', एकास ८७. खरी वस्तू ८७ फूट असेल तर आपली एक फूट. आपल्याकडच्या नव्या एलएचबी डब्याची लांबी जवळपास २४ मीटर. ८७ने भागली की साडेसत्तावीस सेंटिमीटर. एवढा डबा हातात घ्यायला छान वाटतो. आता तसे चोवीस डबे जोडा, पुढे डब्ल्यूएपी-७ इंजिन लावा आणि टेप धरा. साडेबावीस फूट भरते. आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय बाराची. इंजिन खिडकीपाशी उभे केले तर शेवटचे डबे भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात.

डबे कमी करता येतात. सगळेच छंदवाले चार-पाच डब्यांवर भागवतात आणि डोळ्यालाही ते चालते. वळण मात्र कमी करता येत नाही, आणि घरातल्या रेल्वेचे खरे घोडे तिथेच पेंड खाते. अनुभवी मंडळींचा ठोकताळा असा की, वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट हवी. त्याहून कमी झाली की डब्याचे पोट वळणाच्या आत आणि टोके बाहेर लोंबतात, कपलिंग आडवे ओढले जाते आणि हलका डबा रुळावरून उतरतो. जुना आयसीएफ डबा घेतला तरी तो एचओमध्ये साडेपंचवीस सेंटिमीटरचा. तिप्पट म्हणजे पाऊण मीटरहून जास्त त्रिज्या, दीड मीटरहून जास्त व्यास, आणि दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा धरली की फळी सव्वापाच फूट रुंद. हा डबल बेडचा पसारा झाला. शिवाय माणसाचा हात बेताने अडीच फूट पोचतो. फळी भिंतीला लावली तर पलीकडच्या कडेला उतरलेला डबा उचलायला फळीवर चढावे लागेल.

ही अडचण काही वडूजची नाही. युरोपात खेळण्यातल्या आगगाड्यांना ठराविक मापांचे रूळ १८९१ साली मर्कलिन या जर्मन कंपनीने आणले, तेव्हा गाड्या मोठाल्या होत्या आणि गिऱ्हाइकांचे दिवाणखानेही. पुढे घरे आकसली तसे प्रमाणही आकसत गेले. 'ओ'चे अर्धे म्हणून 'एचओ'. मग १९६०च्या दशकात नऊ मिलिमीटर रुळांचे 'एन', एकास १६०. मग १९७२मध्ये मर्कलिनचेच 'झेड', एकास २२०, ज्याचे इंजिन काडेपेटीत मावते. जपानात घरे लहान, म्हणून तिथे 'एन'चे राज्य. काटो या जपानी कंपनीने १९६५मध्ये एन गाड्या काढल्या आणि शेल्फावर, टेबलाखाली, अंथरूण घालायच्या जागेत रोज मांडून रोज उचलायची रेल्वे तिथे रूढ झाली. चटईवर रूळ जोडायचे, गाडी चालवायची, रात्री डबे खोक्यात. यात कमीपणा कसलाच नाही.

मग एन प्रमाणात आपली ब्रॉडगेज का नको? इथे दुसरी गोम आहे. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचे १६७६. बाजारात मिळणारे रूळ १४३५च्या हिशेबाने बनतात. एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. आपली गाडी त्या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरवर उभी राहायला हवी. पावणेतीन मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ, पण समोरून पाहिले की डबा पाय जवळ घेऊन उभा असल्यासारखा दिसतो. एनमध्येही तेच दुखणे. आपल्याकडचे बहुतेक छंदवाले याकडे एक डोळा मिटून पाहतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सव्वाएकोणीसचे रूळ हाताने बसवत बसायचे म्हणजे त्यातच उमेद संपायची. मला मात्र अशी गाडी हवी होती जी बाजारच्या रुळावर बसेल, लहान वळण घेईल आणि आपल्या भागातली असेल. तिन्ही अटी पाळणारी रेल्वे सातारा-सांगलीच्या उंबऱ्यावर होऊन गेली आहे, ती ही बार्शी लाइट.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला आला. ब्रॉडगेजपासून थोड्या अंतरावर पडलेल्या गावांना स्वस्तातली रेल्वे देता येईल, हे त्याच्या डोक्यात बसले आणि त्यापायी त्याने पुढे नोकरी सोडली. बार्शी रोडवर, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीला, मुख्य मार्ग होता. बार्शीचा कापूस आणि धान्य तिथपर्यंत बैलगाडीने यायचे. सरकारशी वर्षानुवर्षे घासाघीस करून १८९५मध्ये करार झाला आणि १८९७मध्ये कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची गाडी सुरू झाली. नंतर ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली आणि १९२७मध्ये मिरजेला येऊन टेकली. लातूर ते मिरज सव्वातीनशे किलोमीटरचा पल्ला. सांगली जिल्ह्यातल्या जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, आरग या गावांची रेल्वे ती हीच. पंढरीच्या वारकऱ्यांना तर बार्शी लाइट म्हणजे घरची गाडी.

कॅलथ्रॉपची करामत रुळांच्या रुंदीत नव्हती. अरुंद गाड्या त्याच्याआधीही होत्या. त्याने अट घातली ती चाकांवरच्या वजनाची: इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. भार सगळीकडे सारखा पडला की रूळ हलका चालतो, रूळ हलका म्हणजे पूल हलका, भराव कमी, खर्च कमी. यार्डाला तीस पौंड वजनाच्या रुळांवर त्याने हे जमवून दाखवले. मालडबे सगळे एकाच मापाच्या सांगाड्यावर, २५ फूट लांब आणि सात फूट रुंद. भारताकडे पाठवण्याआधी हे डबे आणि लीड्सच्या किटसन कंपनीची आठ जोडचाकी इंजिने त्याने इंग्लंडात तात्पुरता रूळ टाकून लोकांना चालवून दाखवली. माणूस मोठा छांदिष्ट. अरबी घोडे पाळायचा, त्यांना वठणीवर कसे आणावे यावर त्याने पुस्तक लिहिले आणि म्हातारपणी वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवून तिच्यापायी पैसा घालवला. ज्या वर्षी गाडी मिरजेला पोचली त्याच वर्षी तो वारला.

आता त्या आकड्यांना ८७ने भागा. गेज ७६२, भागिले ८७, बरोबर ८.७६. एन प्रमाणाचा जगभर मिळणारा रूळ नऊ मिलिमीटरचा. चूक पाव मिलिमीटरहूनही कमी. ती कुणाच्या बापाला दिसणार नाही. म्हणजे गाडी एचओची, माणसे-झाडे-घरे एचओची आणि रूळ मात्र एनचे. युरोपात या जोडणीला 'एचओई' म्हणतात. मालडबा २५ फूट, म्हणजे आपल्याकडे पावणेनऊ सेंटिमीटर. त्याची तिप्पट सव्वीस सेंटिमीटर त्रिज्या. व्यास बावन्न-त्रेपन्न. दोन फूट रुंद फळीवर पूर्ण गोल फिरून दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटर उरतात. चार फूट लांब फळीवर लांबट गोल टाकला तर एका फेरीत गाडी खऱ्या मापातले २५० मीटर चालते. ताशी ३० किलोमीटर वेग धरला तर फेरीला अर्धे मिनिट.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसे कॅलथ्रॉपने १८९७मध्येच पसरले होते. दुष्काळी, पैसा नसलेल्या मुलखात रेल्वे बसवायची म्हणून त्याने जे जे लहान केले, तेच घरातली जागा पुरत नाही म्हणून मला लहान करून हवे होते. त्याच धर्तीवर त्याने इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅली रेल्वे बांधली. ती १९०४मध्ये सुरू होऊन १९३४मध्ये बंदही पडली. आता तिच्या जागेवरून लोक चालतात, सायकली चालवतात. बार्शी लाइटने तिच्यापुढे सत्तर वर्षे काढली.

सुताराला फळीचे सांगितले तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, ह्याच्यावर वजन किती येणार?" लाखातला प्रश्न. बायकोचा प्रश्न होता की शिलाई मशीन कुठे जाणार, त्याचे उत्तर अजून निघालेले नाही. वजन जवळजवळ काहीच येत नाही. इंजिन, डबे, रूळ सगळे मिळून दोन-तीन किलो. पण फळी वाकली, पिळवटली की रुळाचा सांधा वर येतो आणि पाव मिलिमीटरच्या उंचवट्यावर चाक उडते. म्हणून जाड प्लाय घेण्यापेक्षा नऊ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा आणि खालून दोन बाय एकच्या रिपांची चौकट, मध्ये आडव्या पट्ट्या. सगळे खिळ्याने नव्हे, स्क्रूने. वर बुचाचा किंवा ईव्हीए फोमचा पातळ थर, नाहीतर प्लाय डफासारखा वाजतो आणि रात्री घर झोपू देत नाही. आमच्याकडे वाळवीचा उपद्रव कायमचा, म्हणून चौकटीला खालून औषध मारून घेतले आणि फळी भिंतीला न टेकवता ब्रॅकेटवर चार बोटे पुढे ठेवली.

उंचीबद्दल माझे मत ठाम आहे. बहुतेक लोक लेआउट टेबलाच्या उंचीवर ठेवतात आणि मग हेलिकॉप्टरमधून पाहिल्यासारखे पाहतात. चार फूट लांबीची गोष्ट वरून पाहिली की चार फूटच दिसते. ती उभ्या माणसाच्या छातीपर्यंत आणली की नजर रुळाशेजारून धावते, डब्यांच्या चाकांमधून पलीकडचे दिसते, आणि गाडी वळणाआड जाते तेव्हा ती खरोखर गेलेली वाटते. खाली कपडे वाळत घालायला जागा मिळते हा वेगळा फायदा.

दुसरी युक्ती पडद्याची. लांबट गोलाच्या बरोबर मधून, लांबीच्या दिशेने, सात-आठ इंच उंचीची पातळ फळी उभी करायची आणि तिच्यावर आभाळ रंगवायचे. आता समोर दिसते ती चार फूट लांब, एक फूट रुंद पट्टी. मागचा अर्धा भाग नाटकातल्या विंगेसारखा: गाडी तिथे गेली की थांबवायची, डबे बदलायचे, पुन्हा सोडायची. इंग्रज छंदवाले अशा लपलेल्या यार्डाशिवाय लहान लेआउट करतच नाहीत. पुढे मालगाडी जाते, दोन मिनिटांनी मिश्र गाडी परत येते. पाहणाऱ्याला कुर्डुवाडी कुठेतरी डावीकडे आणि मिरज उजवीकडे आहे असे मानायला हरकत उरत नाही. हे केले नाही तर काय होते, ते ज्याने लहानपणी चावीच्या गाडीचा गोल गोल फेरा पाहिला आहे त्याला माहीत आहे: दहा मिनिटांत मूल उठून खेळायला जाते.

पण नुसती फेरीही किती वेळ पाहणार? यावर ॲलन राइट या इंग्रज छंदवाल्याने काढलेला उपाय मला जागेच्या प्रश्नावरचा सर्वांत हुशार उपाय वाटतो. त्याच्या लेआउटचे नाव इंगलनुक. दोन पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचे सांधे, आणि तीन साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. एकीत पाच डबे मावतात, बाकी दोन्हींत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूला इंजिन आणि तीन डबे मावतील एवढाच रूळ. आठ डबे घ्यायचे, आठ चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातल्या पाच उचलायच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी लांब साइडिंगवर जुळवायची. डबा हाताने उचलायचा नाही. आठातून पाच क्रमाने निवडायचे म्हणजे ६७२० प्रकार. रोज एक डाव टाकला तरी अठरा वर्षे पुरतील. बार्शीच्या डब्याला कपलिंगसकट दहा सेंटिमीटर धरले तर पाच डब्यांना पन्नास, इंजिन आणि तीन डब्यांना चाळीस, दोन पॉइंटना पंचवीस. एकूण ११५ सेंटिमीटर. चार फुटांत बसले. त्यामुळे पुढच्या पट्टीतच हे यार्ड टाकले आहे. गल्लीतली पोरे ते बुद्धिबळासारखे खेळतात आणि सांधा बदलताना एकमेकांवर खेकसतात. ज्याच्याकडे चार बाय दोनही नाही, त्याने गोल सोडून द्यावा आणि चार फूट बाय नऊ इंचांच्या फळीवर एवढेच करावे. पुस्तकांच्या कपाटावर मावते.

देखाव्याच्या बाबतीत मराठी माणसाला कुणाकडे शिकायला जायची गरज नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करत आपण मोठे झालो. विटा आणि दगड रचायचे, पोते टाकायचे, चिखल लिंपायचा, अळीव पेरून हिरवळ काढायची. आमच्याकडे वर्धनगड आणि भूषणगड जवळ, म्हणून पोरांच्या किल्ल्यांना नमुना डोळ्यांसमोर असतो. फक्त किल्ल्यात प्रमाणाचा पत्ता नसतो. मावळा दरवाजापेक्षा उंच, महाराज बुरुजाएवढे, आणि तरी कुणाचे बिघडत नाही. रेल्वेत मात्र बिघडते. साडेपाच फुटी माणूस इथे एकोणीस मिलिमीटरचा. फलाटावरच्या दिव्याचा खांब चुकून दुप्पट झाला तर गाडी लगेच खेळणे दिसते. म्हणून मी किल्ल्याचा चिखल घेतला आणि सुताराची पट्टी घेतली.

काळी माती वापरू नये. ओली असताना फुगते, वाळली की भेगा पडतात. शेतात जे होते तेच फळीवर होते. मुरूम उत्तम. खलबत्त्यात कुटून चाळला की त्याचा तांबूस-पिवळा रंग ढालगावच्या माळाचा रंग आहे. रुळाखालच्या खडीची तऱ्हा आणखी बारीक. खरी खडी पन्नास मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपली अर्ध्या मिलिमीटरहून जरा मोठी. बाजारातली खडीची कच चहाच्या गाळणीतून गाळायची. गाळणीत उरते ती मोठी, टाकून द्यायची. खाली पडते ती मैद्याच्या चाळणीतून चाळायची. यातून खाली पडते ती भुकटी, तीही टाकायची. मैद्याच्या चाळणीत जी उरते ती आपली खडी. ती धुवायची, वाळवायची, ब्रशने रुळांमध्ये पसरायची. मग फेव्हिकॉलमध्ये तिप्पट पाणी घालून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा आणि ड्रॉपरने सोडायचे. तो थेंब विसरला की पाण्याचे मणी होऊन खडी त्यांच्यावर तरंगते. पॉइंटच्या हलत्या पात्यांपाशी मात्र ड्रॉपर न्यायचाच नाही. तिथे एक थेंब गेला की पॉइंट जन्माचा चिकटला.

दुष्काळी प्रदेशाचा लेआउट करणाऱ्याला एक सवलत मिळते. कोकणातली गाडी करायची तर फळीभर जंगल उभे करावे लागेल. इथे चार बाभळी, एक कडुनिंब, कडब्याची गंज, विहिरीवरचा पंप, स्टेशनमागे पाच-सहा कौलारू घरे. बाभळीला बाभळीचीच वाळकी काटकी, आठ-नऊ सेंटिमीटरची, आणि पाल्याला भांडी घासायचा हिरवा स्पंज बारीक कातरून. कुणीतरी सुचवले की सातारा-सांगलीची रेल्वे म्हणजे शेणोली हवी. १९४३च्या ७ जूनला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी तिथे अडवली होती. कॅप्टन रामचंद्र लाड आणि जी. डी. बापू लाड यांनी ती मोहीम आखली होती. सूचना मनाला भिडली. पण तो मार्ग मीटरगेजचा होता, त्याला बारा मिलिमीटरचे रूळ हवेत, आणि खरी अडचण वेगळीच. जी गोष्ट एकदाच घडली ती फळीवर मांडली की दर अर्ध्या मिनिटाने घडू लागते. लेआउटवर रोजचे चालणारे तेवढेच शोभते: डबे जोडणे, पाणी भरणे, वाट पाहणे.

विजेचा भाग लोकांना उगाच अवघड वाटतो. एका रुळात अधिक, दुसऱ्यात उणे, बारा व्होल्टचा डीसी, नॉब फिरवला की वेग वाढतो, टोके उलटी केली की गाडी मागे. डिजिटल पद्धतीत इंजिनात चिप बसवून एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात; चार बाय दोनमध्ये एकच इंजिन चालणार, तर तो खर्च कशाला? त्रास होतो तो लहान इंजिनाचा. त्याची चाके जवळजवळ असतात. पॉइंटच्या क्रॉसिंगवर जर प्लास्टिकचा तुकडा असेल तर त्यावर सगळी चाके एकदम येतात, वीज तुटते आणि गाडी यार्डाच्या तोंडाशी मख्ख उभी राहते. बोटाने ढकलली की इंगलनुकचा नियम मोडतो. म्हणून लहान गाडीसाठी धातूच्या क्रॉसिंगचा, त्यात वीज सोडता येईल असाच पॉइंट घ्यावा, थोडे जास्त पैसे पडले तरी.

आणि धूळ. उन्हाळ्यात वडूजला दुपारचा वारा सुटला की बंद खिडक्यांतूनही धुळीची साय धरते. रुळावर ती बसली, तिच्यात चाकांचे काळे मिसळले की इंजिन उचक्या देत चालते. पॉलिश पेपर मारायचा मोह होतो, तो आवरावा. त्याने रुळावर ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्यातच मुक्कामाला येते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या धोतराचा फडका, एवढे पुरे. चालवून झाले की चादर. पत्र्याखालच्या खोलीत रूळ तापून वाढतात, मीटरमागे अर्धा मिलिमीटर. जोडांमध्ये जाड कागद आत जाईल एवढी फट ठेवली तर बाक येत नाही.

निगा राखणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींच्या रेल्वे म्युझियममध्ये जावे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे चालत्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी उघडले आणि देशात या तऱ्हेचे तेच एक. सगळे एक अख्खे शहर आहे: सिग्नल, पूल, सर्कस, डोंगर, दिवे मालवले की रात्र होते आणि घरांच्या खिडक्या उजळतात. गाड्या मध्यवर्ती पॅनेलवरून चालतात. हॅम्बुर्गमध्ये २००१ पासून ब्राउन बंधूंनी वाढवत नेलेल्या मिनिआटूर वुंडरलांडपुढे ते लहान, पण तिथे हजारावर गाड्या सांभाळायला फौज आहे. आपल्याकडे एका कुटुंबाने हे चालू ठेवले आहे. पाहायला येणारी मुले गाड्या पाहतात. मी पाहत बसलो ते रूळ कसे पुसतात, उतरलेल्या डब्यापर्यंत हात पोचायला जागा कुठे ठेवली आहे, आणि तारांना खालून नावे कशी चिकटवली आहेत. तारांना चिठ्ठ्या लावायची सवय तिथूनच घेतली. एक मात्र खरे, तिथला भव्यपणा पाहून घरी येऊन सगळेच करायला निघालेला माणूस फसतो. शहर, डोंगर, पूल आणि सर्कस चार बाय दोनमध्ये कोंबली की त्यातले एकही नीट दिसत नाही.

खर्चाचे थोडके सांगतो. महाग पडतात ते रूळ, पॉइंट आणि इंजिनाची यंत्रणा; हे परदेशी असते आणि जकातीने आणखी चढते. बाकी सगळे गावात मिळते. डबे मी पुठ्ठ्याचे करतो. एकाच सांगाड्याचे कॅलथ्रॉपचे शहाणपण इथेही कामी येते: ८८ बाय साडेचोवीस मिलिमीटरचे एक माप पत्र्यावर कापून ठेवले आहे, त्यावरून उघडा डबा, बंद डबा, गार्डाचा डबा, सगळे निघतात. खालची चाके तेवढी विकतची. बारीक ड्रिल, चिमटे, कानस यांसाठी सोनाराच्या हत्यारांच्या दुकानाइतकी चांगली जागा नाही, आणि आमच्या पट्ट्यात ती माहिती घरोघर आहे.

उरले इंजिन. बार्शीचे किटसन तयार मिळत नाही. आठ जोडचाकी असल्याने सव्वीस सेंटिमीटरच्या वळणावर मधल्या आसांना आडवे सरकायला वाव द्यावा लागेल, आणि एवढ्या बारीक मापात हे काम घड्याळजीच्या हाताचे आहे. शेवटच्या काळात मात्र त्या मार्गावर डिझेल इंजिने धावली. डिझेल म्हणजे तोंडाला उतार दिलेली पेटी. काटो कंपनी छोट्या ट्रामगाड्यांसाठी सुटी मोटरसकट चेसिस विकते. तिच्यावर प्लास्टिकच्या शीटची पेटी बसवली की गाडी चालू. वाफेच्या शौकिनांना हे पटत नाही, धूर नाही तर बार्शी लाइट कसली, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण इंजिनाची वाट पाहत वर्षानुवर्षे रूळ पुसत बसलेले लेआउट मी पाहिले आहेत. आधी डिझेल. किटसनचे पावसाळ्यानंतर बघू, पत्रे निवल्यावर.